नाण्यावरचे संत

ऐका, ही जर्मन मुलखातली फार फार जुनी गोष्ट आहे. तिथे नदीकाठच्या एका नगरावर एका बिशपचं राज्य होतं. हो, धर्मगुरूही तोच आणि राजाही तोच! सकाळी चर्चमध्ये प्रार्थना सांगायची आणि दुपारी टाकसाळीत सोन्याची नाणी पाडून घ्यायची. नाण्यांवर नगराच्या लाडक्या संतांचं चित्र असे. नाणं हाती आलं की लोक ते आधी कपाळाला लावत, मग खिशात टाकत.

बिशपच्या जिवाला मात्र एकच घोर लागला होता. चर्चचा मनोरा अर्धाच उभा होता, त्याचे स्वतःचे केस पांढरे झाले होते आणि खजिन्यातलं सोनं संपत आलं होतं. आपल्या डोळ्यांदेखत मनोरा पुरा होणार की नाही? जेवता जेवता उठून तो खिडकीशी जाई, मनोऱ्याकडे बघे आणि पुन्हा येऊन बसे.

एके दिवशी त्याने टाकसाळीच्या प्रमुखाला बोलावलं. "यापुढे सोन्यात थोडं तांबं मिसळा."

प्रमुख चपापला. "महाराज, नाण्यावर आपले संत आहेत!"

"म्हणून तर! संतांचं तोंड कसोटीच्या दगडावर घासायला कुणाचा हात धजावेल?"

हिणकस नाणी निघाली, मनोरा भराभर चढू लागला. पण बिशपची तगमग कमी व्हायची ती दुप्पट झाली. बाजारात कुणी नाणं उजेडात धरलं की तो घाईघाईने तोंड फिरवून निघून जाई. प्रार्थना सांगताना शब्द चुकत.

शेवटी एका परक्या मीठवाल्याने नाणं कसोटीच्या दगडावर घासलंच. तांबूस रेघ उमटली आणि भर बाजारात बोभाटा झाला. मग काय, घरोघरी कसोटीचे दगड आले. घासून घासून संतांचं आधी नाक गेलं, मग डोळे गेले. मनोरा बांधणाऱ्या पाथरवटांनी काम थांबवलं.

बिशपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आपली अंगठी, हातातला सोन्याचा दंड, जेवणाची सोन्याची ताटंसुद्धा वितळवली आणि अस्सल सोन्याची नाणी पाडली. पहिलं नाणं त्याने स्वतः एका म्हाताऱ्या पाथरवटाच्या हातावर ठेवलं.

"बाबा, हे अस्सल आहे. धर्मगुरू म्हणून सांगतो."

पाथरवटाने ते आदराने घेतलं आणि दगड काढून घासलं. पिवळीधमक रेघ उमटली. "अस्सलच आहे, महाराज."

"मग आता तो दगड ठेवून द्या ना!"

"राग मानू नका, पण पुढचंही घासूनच घेईन. मागच्या नाण्यावरही हेच संत होते."

पाथरवट कामावर आले, पण मजुरीच्या दिवशी अर्धा दिवस घासाघाशीतच जाई. कंटाळून एकेक जण दुसऱ्या नगरात गेला. बिशपने डोळे मिटले, तेव्हा मनोरा अपुराच होता.

तात्पर्य : एकदा खोटं वागलेल्या माणसाला आपला खरेपणा रोज नव्याने सिद्ध करावा लागतो.