गालावरची सावली

फोटो फक्त काळे-पांढरे निघायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका स्टुडिओत एक मोठा दिवा होता आणि एक काळा पडदा. फोटोग्राफर जनुभाऊ दिवा माणसाच्या एका गालावर धरायचे आणि दुसऱ्या बाजूला पडदा लावायचे, म्हणजे त्या गालावर सावली राहायची.

दिव्याला हे खपायचं नाही. "मी उजेड देतो आणि तू तो गिळतोस. तुझा उपयोग काय रे?"

"मी नसलो तर नाक-गाल सगळं सपाट होईल, बघ," पडदा म्हणायचा.

एकदा आजारी गुणाजी बायकोला, येसूला, घेऊन आला. आपल्यामागे भिंतीवर एक फोटो असावा, एवढंच त्याचं म्हणणं. खुर्चीत तो नेहमीसारखा मान कलती करून बसला.

दिवा कुजबुजला, "जनुभाऊ, बिचाऱ्याचा शेवटचा फोटो. काढा तो पडदा. दिसू दे तोंड लख्ख!"

जनुभाऊंनाही दया आली. त्यांनी पडदा काढला आणि गुणाजीला ताठ बसवलं. फोटोत एकही सुरकुती दिसली नाही.

पुढे गुणाजी गेला. तेराव्याला येसूने पाकिटातला फोटो पहिल्यांदा बाहेर काढला, आणि दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली.

"भाऊ, हा दुसऱ्याच कुणाचा आलाय. आमच्या ह्यांचा द्या."

"वहिनी, हा गुणाजीच आहे."

तिने फोटोतल्या गालावर बोट ठेवलं. "ह्यांना इथं खळगा होता. ह्या माणसाला मी ओळखत नाही."

फोटो तिथेच ठेवून ती गेली. दिवा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "पडद्या, ये रे इथं."

पडदा आला. खुर्ची मात्र रिकामी होती.