ही घंटा आली कुठून?

फार पूर्वी घाटाखालच्या एका गावात एक गायनबुवा राहत. त्यांच्या पडवीत खुंटीला एक पितळी घंटा टांगलेली होती, मोसंब्याएवढी. ही गोष्ट त्या घंटेचीच आहे, म्हणून तिची ओळख आधी.

रोज सकाळी बुवा लाकडी हातोडीने घंटेवर एक टोला देत. त्या आवाजाला तंबोरा जुळवत आणि मग अठराच्या अठरा मुलं त्याच सुरात ‘सा’ लावत. घंटा बुवांना त्यांच्या गुरुजींनी दिलेली, त्यामुळे तिचा मान फार. दर पाडव्याला तिला चिंच लावून लख्ख घासायचं, हळदकुंकू वाहायचं. चैत्रात देवीच्या उत्सवात मुलं एका सुरात गायला बसली की परगावचे पाहुणे विचारायचे, “गातंय कोण?” गावकरी ऐटीत म्हणायचे, “अठरा जणं आहेत, ओळखा बघू!”

हा एक सूर लावताना मुलांचं काय व्हायचं, ते मात्र पाहुण्यांना कुणी सांगत नसे. घंटेचा सूर चांगलाच उंच होता. तिघाचौघांना तो सहज लागे. बाकीचे टाचा उचलून, मान ताणून, डोळे घट्ट मिटून तिथवर पोचायचे. एक मुलगा तर ‘सा’ लावताना आपला उजवा कान धरून ठेवायचा. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणी कमी पडलं की बुवा म्हणत, “घंटा खाली येणार नाही. तू वर ये.”

या मुलांत गावच्या ओताऱ्याची मुलगी होती. ओतारी म्हणजे पितळ वितळवून घंटा ओतणारा कारागीर. पोरीला दोन गोष्टींचं वेड होतं, गाण्याचं आणि प्रश्न विचारण्याचं. बापाचा भाता ओढतानाही ती गुणगुणायची आणि मध्येच विचारायची, “बाबा, आग निळी का झाली?” आवाज मात्र तिचा जाड आणि खालचा. बुवांनी तो वर ओढायला सांगितला, तिने ओढला. घरी जाऊन, नदीवर जाऊन, सहा महिने ओढत राहिली. शेवटी एके दिवशी तिने बापाला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली.

वैद्यांनी घसा पाहिला. “पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही,” ते म्हणाले, “आणि पुन्हा असा ताण दिलास तर हा आवाज कायमचा गेला म्हणून समज.”

दुसऱ्या दिवशी ओतारी मुलीला घेऊन बुवांकडे आला. हातात नारळ होता. “बुवा, पोरीचं गाणं थांबवतो. तुमचा निरोप घ्यायला आलोय.”

बुवांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले, “काय करणार? तिचा गळाच गाण्याचा नाही.”

हे ऐकून पोरीचे डोळे भरले. बोलायची तर बंदी. ती बुवांच्या पाया पडली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मौन असल्यामुळे काखेत पाटी होती. तिच्यावर काहीतरी लिहून तिने ती बुवांसमोर धरली.

‘ही घंटा आली कुठून?’

“आत्ता सुचलं होय तुला हे?” बुवा वैतागून म्हणाले. पण मग त्यांनाच नवल वाटलं. तीस वर्षांत कितीतरी मुलं शिकून गेली, हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. विचारणार ती ओताऱ्याचीच पोर! ते झोपाळ्यावर बसले आणि सांगू लागले.

“मी तुझ्याएवढा होतो. गुरुजी मला बाजारात घेऊन गेले. दुकानातल्या घंटा एकेक करून वाजवायचे आणि मला म्हणायचे, लाव आ. एक वाजवली, नको म्हणाले. दुसरी वाजवली, नको म्हणाले. दुकानदार कंटाळून जेवायला निघून गेला. उन्हं कलली तेव्हा ही घंटा वाजवली आणि माझा आ असा अलगद तिच्यात जाऊन बसला! गुरुजी हसले. म्हणाले, घे, ही तुझी.”

सांगता सांगता बुवांचा चेहरा खुलला होता. पोरीने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

‘मग गुरुजींची घंटा कोणती?’

बुवांनी पाय टेकवला. झोपाळा थांबला. गुरुजींची घंटा वेगळीच होती. चांगली मोठी, दारामागे टांगलेली. ती वाजवून गुरुजींनी त्यांना एकदाही गायला लावलं नव्हतं.

बुवा उठले, शिडी लावून माळ्यावर चढले. बराच वेळ भांडी हलल्याचा आवाज येत होता. मग ते खाली उतरले, डोक्यात जळमटं आणि हातात एक काळी पडलेली घंटा. गुरुजींच्या माघारी ती बुवांकडे आली होती आणि त्यांनीच ती वर टाकली होती. पण आत्ता त्यांनी ती वाजवली नाही. पोरीला एवढंच म्हणाले, “पंधरा दिवस पुरे कर. मग मीच येतो तुमच्याकडे.”

आणि खरंच सोळाव्या दिवशी सकाळी ते ओताऱ्याच्या भट्टीवर हजर झाले. पोरीला म्हणाले, “ताणायचं नाही. जिथे बरं वाटेल तिथे आ लाव.” ती भीत भीत गायली. आवाज होता! ओताऱ्याने एकामागून एक घंटा वाजवून पाहिल्या. सगळ्यांचा सूर तिच्या आवाजाच्या वरच राहिला. तेव्हा बुवांनी उपरण्यातून ती काळी घंटा काढली आणि टोला दिला. जाड, खालचा नाद घुमला. पोरीचा सूर त्यात असा मिसळला की कोणता कुणाचा, ते कळेना.

बुवांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. हा तर आपल्या गुरुजींच्या सुराचा आवाज, आणि आपण त्याला दाराबाहेर काढत होतो!

त्या दिवशी सगळी मुलं भट्टीवर आली. दिवसभर टोले आणि आ, टोले आणि आ. तिघांना बुवांच्या घंटेचाच सूर निघाला. बाकीच्यांचे निरनिराळे.

गावातली मोठी माणसं मात्र बिथरली. “उत्सव तोंडावर आलाय बुवा! अठरा गळ्यांचा एक सूर ही आपल्या गावाची शोभा. ती घालवणार?”

“घालवणार,” बुवा म्हणाले. “तीस वर्षं मी माझ्या मापाचा सदरा सगळ्या पोरांना घालत होतो. चूक माझी आहे. शोभा गेलेली परवडली, पण पोरीचा आवाज गेला असता तर तो मी कुठून आणला असता?”

उत्सवात मुलं एकेक करून गायली. दर वेळी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून पिळून बुवा घामाघूम झाले. सुरुवातीला लोकांत कुजबुज होती, दोघे तर रागाने उठूनच गेले. कान धरणारा मुलगा हात मांडीवर ठेवून गायला. शेवटी ओताऱ्याची मुलगी बसली. तिने ‘सा’ लावला. खांबाला टेकलेली एक म्हातारी सरळ होऊन बसली आणि म्हणाली, “अगं बाई, हा तर बुवांच्या गुरुजींचा सूर!”

परगावच्या पाहुण्याने नेहमीसारखं विचारलं, “गातंय कोण?”

या वेळी कुणी कोडं घातलं नाही. गावकरी म्हणाले, “आमच्या ओताऱ्याची लेक.”

तात्पर्य: गुरूने आपल्यासाठी जे निवडलं तेच शिष्याच्या गळ्यात बांधू नये, गुरूने जसं आपल्याला ऐकून घेतलं, तसं शिष्याला ऐकून घ्यावं.