चांदवेलीचा लेप आणि नुसतं तेल

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि डोंगर रुसले की जागा बदलत, मेघकेतू नावाचा राजा होता. त्याच्या आजोबांनी एका मांत्रिकाचा पाचूचा कंठा बळाने आणून खजिन्यात ठेवला होता. मेघकेतूने आठ पहारेकऱ्यांकडून ती पेटी उचलवली, कंठा बाहेर काढला, आणि त्या घटकेला नऊ जणांच्या अठराही हातांवर इसब उठला. कातडी लाल झाली, तडकली, पाझरू लागली. राजाला तलवार धरवेना, पहारेकऱ्यांना भाला. पेटीतून आवाज आला, "औषध तुझ्याच राज्यात आहे. पण तुला ते ओळखता येणार नाही."

तसंच झालं. वैद्य येत, लेप लावत. राजा आशेपोटी म्हणे, उतार आहे. पहारेकरी राजामागून तेच म्हणत. आठ दिवसांनी पाहावं तर हात होते तसेच.

शेवटी सरजा वैदिणीला बोलावणं गेलं. तिची आई भिवरा हिचा चांदवेलीचा लेप सात गावांत नावाजलेला. लेप लावू आणि संध्याकाळी घरी परतू, अशा विचाराने सरजा निघाली होती. पण तिने पाहिलं की एक पहारेकरी बरं वाटतंय म्हणत होता आणि म्हणता म्हणता मनगट भिंतीवर घासत होता. तिने लेपाचं झाकण पुन्हा लावलं.

"महाराज, लेप आईचा आहे. पण त्याने गुण येतो का, हे मी आधी पाहीन."

"किती दिवस?"

"एकवीस. त्याआधी तीन कामं. ताडून पाहायला आणखी दोन औषधी आणायच्या, आणि खरी मोजदाद करणारं कोणी शोधायचं."

पहिलं काम सूर्यजिभीचं. ती उगवे त्या डोंगराने सरजेला पाहताच पाठ फिरवली. ती पायथ्याशी तीन दिवस बसून राहिली, तेव्हा त्याचा रुसवा गेला आणि तिला पानं मिळाली. दुसरं काम नीळमुळीचं. तळ्यातल्या मगरीने आधी दात साफ करून मागितले; सरजेने ते काडीने एकेक साफ केले. मुळी हाती आली, तिला कुजक्या मासळीचा वास होता. तिसरं काम साळुंकीचं. एक साळुंकी होती, तिला खोटं बोलताच येत नसे, म्हणून थव्यात तिला कोणी ठेवून घेत नसे. ती म्हणाली, "येते. पण माझी मोजदाद कोणी सुधारायची नाही."

मग सरजेने तीन लेप केले आणि चौथ्या भांड्यात नुसतं तेल ठेवलं. चारहींत गेरू कालवला, कापूर घातला. रंग एक, वास एक. ती पाठ करून उभी राहिली आणि साळुंकीने भांडी हलवून ठेवली. एकेक लेप तिघातिघांना; प्रत्येकाच्या एका हाताला लेप, दुसऱ्याला तेल. कुठल्या हाताला काय, हे फक्त साळुंकीला ठाऊक. राजाच्या हाताला नुसतं तेल लावायचं, हे प्रधानाला रुचलं नाही. राजाने मात्र दोन्ही हात पुढे केले. एकवीस दिवस साळुंकी तुळईवर बसून कोण कुठला हात किती वेळा खाजवतो ते मोजत राहिली.

बाविसाव्या सकाळी तिने सरजेच्या कानात हिशेब सांगितला. सूर्यजिभी आणि तेल, सारखेच. चांदवेल आणि तेल, सारखेच. नीळमुळीच्या हातांची खाज पाचातल्या चार हिश्शांनी उतरली होती.

सरजेला आईचे हात दिसले, चांदवेल वाटून हिरवे झालेले. दोन नावांची अदलाबदल केली असती तर कुणाला कळलंही नसतं. साळुंकी विचारल्याशिवाय बोलत नसे.

"कुठला लेप, वैदीणबाई?" राजाने विचारलं.

"नीळमुळीचा, महाराज. माझ्या आईचा लेप नुसत्या तेलाहून सरस नाही."

खजिन्यातल्या पेटीचं झाकण आपोआप मिटलं, ते सर्वांनी ऐकलं. औषध ओळखलं गेलं होतं. नऊ जणांनी दोन्ही हातांना नीळमुळी लावली, आणि महिना सरायच्या आत राजाच्या मुठीत तलवार बसली, पहारेकऱ्यांच्या हाती भाले आले. राजाने मांत्रिकाच्या नातीचा शोध घेतला, स्वतः चालत जाऊन कंठा तिच्या हवाली केला आणि आजोबांच्या वतीने क्षमा मागितली.

सरजा घरी आली ती पाय ओढत. आईला तिने काहीच लपवलं नाही. भिवराने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"चाळीस वर्षं लावला," ती म्हणाली. "नुसतं तेल लावून पाहिलंस का, असं मला कोणी विचारलंच नाही. मीही नाही."

"रागावलीस, आई?"

"वाईट वाटलं. राग नाही." मग तिने सरजेची झोळी ओढली, मुळी नाकाशी नेली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ही घरात नको कुटायला. अंगणात खलबत्ता काढ, आणि किती बारीक करायची ते मला दाखव."

दोघी अंगणात बसल्या. लेक सांगत होती, आई कुटत होती, आणि वासाने शेजारची कोंबडी कुंपणापलीकडे पळाली तशी दोघींना हसू आवरेना.