पंतप्रधानाची जागरणं

"एवढ्या मोठ्या साम्राज्याचा पंतप्रधान, आणि रात्र रात्र बायकोच्या उशाशी बसतो. ही चूक म्हणायची की नाही, स्वामी?"

प्रश्न निवृत्त प्राचार्य भार्गव खासनीस यांचा. ब्रिटनचा जुना पंतप्रधान कॅम्बेल-बॅनरमन याचं चरित्र ते कित्येक वर्षं लिहीत होते. ग्रंथ उशीएवढा जाड झाला होता. फक्त एक प्रकरण अडलं होतं.

केवलस्वामींनी त्यांच्या हातात ताडाचा पंखा दिला.

रिकाम्या हाताला उत्तर द्यायचं नाही, असा त्या मठाचा रिवाज. एकदा एका मामलेदारांनी इथं शेंगा सोलल्या होत्या. त्यांच्या कारकिर्दीत तडीस गेलेलं तेवढंच काम, असं गावात म्हणतात.

समोर सतरंजीवर मठाचा म्हातारा आचारी रंभाजी तापानं पडला होता. प्राचार्य त्याला वारा घालू लागले.

"हा पंतप्रधान झाला तेव्हाच बायको आजारी. तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालेना. मग हा रात्री जागणार आणि दिवसा राज्य चालवणार. वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. पुढं दोन वर्षांच्या आत हाही गेला. मी स्पष्ट लिहिलंय, कर्तव्यात कसूर."

"हात," स्वामी म्हणाले.

पंखा थांबला होता. तो पुन्हा हलू लागला.

"बाई कशी होती?"

"करारी. सहकाऱ्यांनी त्याला बाजूला सारून वरच्या सभागृहात नेऊन बसवायचा घाट घातला होता. माघार घ्यायची नाही, असं हिनंच बजावलं."

"मग तो तिच्यापाशी बसला, यात तुमचं काय गेलं?"

"माझं काय जायचंय? इतिहासकारानं तटस्थ असावं."

"घरी तुमच्या मालतीबाई कशा आहेत?"

"अंथरुणावर आहेत. डॉक्टर म्हणतात, आता चार-आठ दिवस."

"जवळ कोण?"

"नर्स ठेवली आहे. हुशार आहे."

"तिच्या हातचं घेतात?"

"नाही घेत. दाराकडे बघत राहते."

"आणि तुम्ही?"

"शेजारच्या खोलीत. लिहीत असतो."

"या पंतप्रधानाच्या जागरणांवर?"

प्राचार्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "बसवत नाही, स्वामी. तिनं माझ्याकडे बघितलं की बसवत नाही. इतक्या वर्षांचं माणूस…"

रंभाजी कण्हला.

प्राचार्यांनी पंखा खाली ठेवला. त्याच्या कपाळावरची पट्टी काढली, भिजवली, पिळून पुन्हा ठेवली. पाणी कानात जाऊ नये म्हणून कडेला आपल्या उपरण्याचं टोक लावलं. कुणी सांगितलं नव्हतं.

स्वामी बघत होते.

"इथं बरं बसवतं."

"हा परका आहे, स्वामी."

स्वामींनी खाली ठेवलेला पंखा उचलला आणि स्वतः वारा घालू लागले.

"मग तिलाही परकी समजा. आणि जाऊन बसा."