मथुरेचा खडक

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात मथुरा नावाची एक बाई राहत होती. नवरा समुद्रात गेला तो परतलाच नाही. मूलबाळ नव्हतं. विहिरीवर चार बायकांशी होणारं बोलणं, एवढाच तिला माणसांचा आधार.

गाव कालवांवर, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांवर, जगत असे. खडकावरची कालवं खुरटी म्हणून लोक बाहेरून टपोरं बी, म्हणजे कालवांची इवली पिल्लं, आणत आणि पाण्यात सोडलेल्या दोरांवर वाढवत. एका वर्षी पाऊस असा कोसळला की महिनाभर खाडीतलं गोडं पाणी हटेना. खाऱ्या पाण्यावर जगणारी दोरांवरची कालवं झाडून मेली. खडकांवर मात्र वेडीवाकडी थोडी तगून राहिली.

गावात प्रत्येक घराला एकेक खडक वाटून दिलेला. जत्रेच्या जेवणाला प्रत्येकाने आपल्या खडकावरची टोपलीभर कालवं द्यायची, अशी रीत. त्या वर्षीही लोकांनी खडक पार खरवडले. मथुरा रिकाम्या हाताने आली.

"मथुरे, तुजी टोपली खंय?" गावच्या प्रमुखाने, गावकराने विचारलं.

"माज्या खडकावरच्या कालवांनी गोडा पाणी सोसलां," ती म्हणाली. "त्यांका खाल्लांव, तर फुडे सोसतला कोण?"

देवाच्या जेवणाला नाही म्हणते! गाव बिथरलं. त्या दिवसापासून तिच्याशी कोणी बोलेना. ती विहिरीवर आली की बायका हंडे उचलून चालू लागत. मथुरेच्या ते फार जिव्हारी लागलं. कितीदा तिला वाटलं, घ्यावी कोयती, भरावी टोपली आणि परत मिळवावी माणसं. पण ओहोटीला ती खडकापाशी जाई आणि भोवती रिकाम्या शिंपल्यांच्या माळा बांधी. कालवांची पिल्लं त्या माळांना धरत. वाढ सावकाश होती, पण आईबापांचा चिवटपणा पोरांत उतरला होता. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांच्याशीच बोले.

गावाने पुन्हा बाहेरचं टपोरं बी आणलं. चौथ्या वर्षी पुन्हा तसाच पाऊस झाला. गावाचे दोर मेले. मथुरेच्या माळा जिवंत राहिल्या.

गावकर चार माणसं घेऊन तिच्या दारात आला. त्याची मान खाली होती.

"मथुरे, आमका बी देशीत?"

तिने दार सताड उघडलं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "घेवा, होया तितक्या. पण आधी बसा, चाय ठेवतंय. चार वर्सां एकलीच पितंय."

तात्पर्य: संकटातून जे तगतं, तेच उद्याचं बियाणं असतं. आजच्या पंगतीसाठी ते संपवू नये आणि ते राखणाऱ्याला एकटं पाडू नये.