पिकअपचा जुना सायलेन्सर

गाढवांच्या पाठीवरची ओझी पिकअपने घेतली, तेव्हाची ही गोष्ट. शेळ्या-करडं बाजाराला नेणाऱ्या बिरूअण्णांच्या पिकअपचं इंजिन आपल्या गोड आवाजावर भारी खूश होतं. “या गंजक्या सायलेन्सरपायी तो कुणाला ऐकूच जात नाही,” म्हणून सदा कुरकुरायचं.

एकदा अण्णांनी हौसेनं जुना काढून, आवाज मोकळा सोडणारा चकचकीत नवा सायलेन्सर बसवला. गाडी सुरू झाली आणि इंजिन स्वतःच दचकलं. मागे करडं घाबरून एकमेकांवर चढली, ओरडून त्यांचे घसे बसले. अर्ध्या वाटेवरून अण्णा गॅरेजकडे वळले आणि जुनाच परत लावून घेतला.

“माझा आवाज इतका कर्कश आहे होय,” इंजिन म्हणालं. “इतकी वर्षं तू तो गिळलास. तुझे उपकार कसे फेडू?”

“हळू बोल,” जुना सायलेन्सर म्हणाला. “करडं आत्ताच झोपलीत.”