सिग्नलला सांडलेला चहा

"मग आता राहिलं काय, वस्ताद?"

विश्वजितनं हे तिसऱ्यांदा विचारलं. गुंडू वस्ताद झाकणातल्या पेट्रोलमध्ये माझ्या स्कूटरच्या कार्बोरेटरचा बारीक जेट धूत बसले होते. त्यांनी तो उजेडाकडं धरला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि पुन्हा झाकणात टाकला.

"वस्ताद...?"

"बघतोय."

"जेट?"

"तुला."

कोल्हापुरात तालमीतल्या गुरूला वस्ताद म्हणतात. उद्यमनगरातल्या या गॅरेजच्या मालकालाही वस्तादच म्हणतात, कारण इथंही शिष्य आधी माती खातो आणि मग शिकतो. विश्वजित इथला शिष्य, मी नाही. माझी स्कूटर तिथं कायमची दुरुस्तीला असते, म्हणून मीही असतो.

विश्वजित विचारत होता ती गाडी वस्तादांची. जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणारी आणि मागं निळा धूर सोडणारी. तरुणपणी वस्तादांनी तिचे दिवे, आरसे, हॉर्न सगळं उपटून तिला मातीतल्या शर्यतीची केलं होतं. तिनं त्यांना कपाटभर कप मिळवून दिले. पुढं वस्तादांचा गुडघा गेला आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. तिच्या सीटवर शेजारच्यांची कोंबडी अंडी घालायला लागली.

विश्वजितनं लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ही गाडी डोक्यावरून उडताना पाहिली होती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. शाळेनं प्रयत्न केला, पण जागा नव्हती.

गेल्या दिवाळीत वस्ताद त्याला म्हणाले, "हिला रस्त्याची कर. रस्त्याची झाली की तुझी."

पण मध्ये जावई आला.

रावसाहेब हे वस्तादांचे जावई. सांगली रोडला त्यांचं मिसळीचं हॉटेल आहे आणि हॉटेलला जुनं रूप द्यायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. भिंतीवर बैलगाडीचं चाक आलं, कंदील आले, पितळेचा हंडा आला. मधली जागा रिकामी होती.

"मामा, ती गाडी पडूनच हाय न्हवं? भिंतीला टांगतो," ते म्हणाले. नुसतं म्हणून थांबले नाहीत, भिंतीत हुक ठोकून मोकळे झाले.

जावयाला नाही म्हणायची आपल्याकडं सोय नाही. वस्तादांनी मधला मार्ग काढला. गुरुवारी आरटीओच्या मैदानावर साहेब गाडी तपासणार होते. पास झाली तर पोराची. नापास झाली तर शुक्रवारी टेम्पो पाठवा.

आणि आज मंगळवार होता.

विश्वजितनं काम केलं होतं, खोटं कशाला बोला. मातीतली उंच, दातेरी चाकं काढून डांबरावरची बुटकी, रुंद चाकं बसवली होती. पुढं ब्रेकची परातीएवढी डिस्क. दिवे, इंडिकेटर, आरसे, हॉर्न, नंबरप्लेट. परदेशात अशा गाडीला मोटार्ड म्हणतात, हे त्यानं गल्लीत प्रत्येकाला सांगितलं होतं. इस्त्रीवाल्याला तर दोनदा.

"शंभर टक्के रस्त्याची झालीया, वस्ताद. तुम्ही फक्त 'झाली' म्हणा."

वस्तादांनी हात पुसले. भिंतीवरची ॲल्युमिनियमची किटली काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"चहा आण."

"आत्ता?"

"दसरा चौकातनं. हिच्यावरनं जा."

विश्वजितला हसू आलं. एवढीच परीक्षा? त्यानं किक मारली. गाडी किंचाळली, गल्ली निळी झाली, आणि तो गेला.

बराच वेळ गेला. माझ्या तोंडाला पाणी सुटून ते वाळलंसुद्धा.

मग दुरून आवाज आला. आवाज थांबला. पुन्हा आला... पुन्हा थांबला. शेवटी विश्वजित गाडी ढकलत दारात आला. त्याची पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत चहाच्या रंगाची झाली होती. बुटावर वेलदोड्याचं साल होतं.

वस्तादांनी किटली घेतली. उलटी केली. एक थेंब पडला.

"चहा?"

"सांडला."

"कुठं?"

"सिग्नलला."

"कुठल्या?"

"...सगळ्याच."

"पळवताना न्हाई सांडला?"

विश्वजितचा स्वाभिमान उसळला. "पळवताना? पळवताना थेंब सांडला न्हाई, वस्ताद! वळणाला गाडी अशी झोपवली, किटली हलली बी न्हाई. थांबलो की घोटाळा. थांबलो की ही बंद पडती. बंद पडली की किक मारायची. किक मारली की हँडलची किटली झोके घेती. मागनं रिक्षावाले बोंबलत्यात. एक म्हातारी वांग्याची पाटी घेऊन शेजारी उभी हुती, ती म्हणती, 'लेकरा, उतरून चाल की, लवकर पोचशील.'"

"मग उतरलास?"

"आधी न्हाई. मग उतरलो."

मी हसलो. वस्ताद हसले नाहीत.

"तर पळताना सांडत न्हाई," ते म्हणाले, "आणि थांबताना सांडतं."

"सिग्नलच लई झाल्यात गावात."

"व्हय. रस्ता म्हणत्यात त्याला."

विश्वजितनं किटली खाली ठेवली. आता तो खरोखर चिडला होता, आणि चिडायला त्याच्याकडं कारण होतं.

"वस्ताद, स्लोचा स्क्रू पूर्ण सोडायला कुणी शिकवलं मला?"

हे खरं होतं. प्रत्येक गाडीला एक बारीक स्क्रू असतो. हात सोडला तरी इंजिन हळू आवाजात चालू राहावं, ते तो स्क्रू बघतो. शर्यतीच्या गाडीला वस्ताद तो पार सोडून ठेवायचे. हँडलची गॅसची मूठ सोडली की गाडीनं तिथंच दम तोडावा, उतारावर तिनं पुढं ओढू नये, हा त्यांचा नियम. विश्वजितनं गाडीतलं सगळं बदललं, पण त्या स्क्रूला हात लावला नव्हता. गुरूची आज्ञा होती ती.

"मी शिकवलं," वस्ताद म्हणाले.

"मग?"

"मातीत शिकवलं."

"मग डांबरावर किती ठेवायचा ते सांगा की!"

वस्तादांनी पुन्हा जेट हातात घेतला. "उद्या ये. पँट धुऊन ये."

बुधवारी सकाळी विश्वजितनं स्क्रू आवळला. चांगला पिळून आवळला. गाडी जागेवर उभी राहून असा आरडाओरडा करायला लागली की समोरच्या किराणावाल्यानं शटर अर्धं ओढलं.

"आता न्हाई बंद पडत!" विश्वजित ओरडला.

"व्हय," वस्ताद ओरडले. "आता थांबल्यावर बी पळतीया!"

त्यांनी इंजिन बंद केलं. शांतता झाली तेव्हा माझ्या कानात अजून शिट्टी वाजत होती.

वस्तादांनी स्क्रू थोडा सोडला. गाडी चालू केली. टंग... टंग... टंग... आवाज खाली आला, मध्येच एक ठोका चुकला. विश्वजितच्या उजव्या हातानं झेप घेतली आणि गॅस पिळला. गाडी घुसमटली आणि बंद पडली.

"हात मागं."

पुन्हा किक. टंग... टंग... ठोका चुकला. हात पुन्हा गेला. गाडी पुन्हा मेली.

"हात मागं म्हणतोय न्हवं?"

"मरतीया म्हणून दिला, वस्ताद!"

"मरत न्हवती. श्वास घेत हुती."

"मला कसं कळणार?"

"मेली की कळंल."

विश्वजितला हे उत्तर पटलं नाही. मलाही पटलं नाही, पण मला गाडी नको होती.

दुपारपर्यंत हेच चाललं. वस्ताद स्क्रूला केसभर फिरवायचे, गाडी टंग टंग करायची, आणि विश्वजितचा हात आपोआप हँडलकडं जायचा. त्यानं हाताची घडी घातली तर उजवा हात डाव्याच्या खालून निसटायचा. एकदा वस्तादांनी त्या हातात किटली दिली. त्यानं किटलीच्या कडीलाच पीळ दिला. त्या पोराची मला दया आली. आयुष्यभर पिळायलाच शिकलेला हात होता तो.

संध्याकाळी त्याचा धीर सुटला. जमिनीवर बसला, पाठ चाकाला टेकली.

"न्हाई जमत. टांगू दे त्यांना भिंतीला. निदान तिथं बंद पडल्याचं कुणी बोलणार न्हाई." त्यानं समोरची माती बोटानं उकरली. "वस्ताद, मी ही गाडी उडताना बघितलीया. मला ती उभी बघवत न्हाई, एवढंच हाय."

वस्ताद गुडघा धरून त्याच्या शेजारी खाली बसले. त्यांना खाली बसलेलं मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.

"मला रोज बघतोस की," ते म्हणाले.

मग गाडी चालू करून दोघं तिच्याशेजारी बसून राहिले. टंग... टंग... ठोका चुकला. मी विश्वजितच्या हाताकडं पाहिलं. तो मातीत रुतवून ठेवला होता.

टंग... टंग...

गुरुवारी वस्ताद मैदानावर आले नाहीत. गुडघ्याचं निमित्त. मी रिक्षानं गेलो.

साहेब गंभीर होते. दिवे पाहिले, इंडिकेटर पाहिले, आरशात स्वतःला पाहिलं. हॉर्न वाजवायला लावला. चेसिसचा नंबर वाकून वाचला. मग म्हणाले, "चालू करा आणि बाजूला उभे राहा."

विश्वजितनं किक मारली, गाडी स्टँडवर लावली, बाजूला झाला.

आणि साहेबांचा फोन वाजला.

"हां, बोल... कुणाचा साखरपुडा?... अगं पण पंगतीला माणसं किती?... तुझ्या माहेरचीच एवढी?"

गाडी टंग टंग करत उभी होती. साहेबांच्या मेहुणीचा साखरपुडा ठरला होता आणि तो आमच्यापुढं पूर्ण पार पडणार असं दिसत होतं. जेवणात मसालेभात की साधा भात यावर बोलणी अडली. ऊन वाढलं. रांगेतली माणसं गोळा झाली.

ठोका चुकला. आवाज पार खाली गेला.

"गॅस दे की, भावा!" रांगेतून एकजण ओरडला. "मरतीया बघ!"

विश्वजितनं उजवा हात खिशात घातला आणि वरून डाव्या हातानं खिसा दाबून धरला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी डोळे मिटले. मला त्या हॉटेलातली भिंत आणि ते हुक दिसले.

टंग...

टंग... टंग...

गाडी सावरली.

मसालेभात ठरला. साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि गाडीकडं पाहून कपाळाला आठी घातली.

"अहो, चालू करा म्हटलं होतं ना?"

"चालूच हाय, साहेब."

साहेब वाकले. टाकीवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"आयला," साहेब म्हणाले, आणि सही केली.

आम्ही परत आलो तर गॅरेजच्या दारात टेम्पो उभा. रावसाहेब एक दिवस आधीच आले होते, हातात दोर घेऊन. नापास होणार ही खात्री असलेला माणूस उगाच शुक्रवारची वाट कशाला बघेल?

विश्वजितनं गाडी टेम्पोसमोर आणून उभी केली. स्टँडला लावली. दोन्ही हात काढून घेतले आणि गप्प उभा राहिला. इस्त्रीवाला बाहेर आला तरी त्याला काही सांगितलं नाही.

टंग... टंग... टंग...

वस्ताद बाकावर बसले होते. त्यांनी डोळे मिटले. ऐकत राहिले. ठोका चुकला, सावरला, चुकला, सावरला. बाकीच्यांना वाटलं म्हाताऱ्याला डुलकी लागली.

"झाली," ते डोळे न उघडता म्हणाले. "घेऊन जा."

विश्वजित त्यांच्या पाया पडला. नंतर त्याला कुठं बघावं ते कळेना, म्हणून त्यानं धुतलेली किटली पुन्हा धुवायला घेतली.

रावसाहेबांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

"मामा, ही कुठली रीत? मी चार माणसांत सांगून बसलोय. हुक ठोकल्यात. गिऱ्हाईकं रोज विचारत्यात, मधी काय येणार म्हणून. आता त्या भिंतीला मी काय टांगू?"

वस्तादांनी डोळे उघडले. बाकाचा आधार घेऊन, गुडघा धरून सावकाश उठले. आधी गाडीकडं पाहिलं, मग जावयाच्या हातातल्या दोराकडं.

"मला टांगा, जावईबापू," ते म्हणाले. "फकस्त बंद करू नका."